बुद्धिमत्तेचे प्रकार समजून घेऊन शिकण्याची आखणी कशी करावी

नवे काही शिकायला बसलेला माणूस पहिल्या दोन-चार अडचणींनंतर बहुधा विषयाकडे पाहायचे सोडून स्वतःकडे पाहू लागतो. ‘माझे डोके गणिताचे नाही’, ‘मला ऐकले तरच कळते, वाचून कळत नाही’, ‘भाषा हा माझा प्रांतच नव्हे’ अशी वाक्ये तोंडवळणी पडतात, आणि एकदा ती पडली की पुढचे प्रयत्न त्यांच्या धाकातच होतात. या लेखात मानवी बुद्धिमत्तेच्या प्रकारांविषयी संशोधकांनी काय मांडले आहे ते आधी थोडक्यात सांगून, एखादी भाषा, गणिताचा एखादा भाग, वाद्य किंवा पोहणे शिकताना त्याचा उपयोग पायरीपायरीने कसा करायचा, हे सांगितले आहे. माझे मत आरंभीच सांगतो. बुद्धीचे प्रकार माणसांची वर्गवारी करायला फारसे कामाचे नाहीत. पण हाती घेतलेले काम आपल्याकडून नेमके काय मागते, हे ओळखायला ते फार कामाचे आहेत. पुढील पायऱ्यांसाठी एक वही, दोन रंगांची पेने आणि सहा ते आठ आठवडे एवढे साहित्य पुरते.

आधी थोडी पार्श्वभूमी

बुद्धी मोजण्याची पहिली व्यवहार्य चाचणी आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये तयार केली. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना योग्य ती मदत देता यावी, हा तिचा उद्देश होता. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेली आणि पुढे न बदलणारी राशी, या समजुतीला बिने यांचा स्पष्ट विरोध होता. त्यांच्या चाचणीतून पुढे जो बुद्ध्यांक निघाला, तो मात्र अनेकदा नेमका याच समजुतीसाठी वापरला गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याच सुमारास, १९०४ साली, चार्ल्स स्पिअरमन यांनी दाखवले की एका विषयात चांगले गुण मिळवणारी मुले सहसा इतर विषयांतही सरासरीपेक्षा पुढे असतात. या समान धाग्याला त्यांनी सर्वसाधारण बुद्धिघटक मानले. एल. एल. थर्स्टन यांनी १९३८ साली त्याऐवजी सात मूलभूत क्षमता मांडल्या. रेमंड कॅटेल यांनी प्रवाही आणि संचित अशी विभागणी केली. कधीही न पाहिलेले कोडे सोडवताना लागते ती प्रवाही बुद्धी, आणि शब्दसंग्रह, नियम, अनुभव यांच्या रूपाने साठत गेलेली ती संचित बुद्धी. प्रवाही बुद्धी तरुणपणानंतर हळूहळू उतरते, तर संचित बुद्धी बऱ्याच उशिरापर्यंत वाढत राहू शकते. चाळिशीनंतर शिकायला घेणाऱ्यांनी हा भेद विशेष लक्षात ठेवावा, कारण त्यांची खरी पुंजी दुसऱ्या खात्यात असते.

हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, आंतरवैयक्तिक आणि स्वतःला ओळखण्याची अशा सात बुद्धिमत्ता सांगितल्या आणि नंतर निसर्गविषयक बुद्धिमत्तेची भर घातली. शाळेबाहेरच्या कर्तबगारीलाही बुद्धी म्हणायला हवे, हा त्यांचा आग्रह शिक्षकांना भावला आणि ते योग्यच झाले. तथापि या बुद्धिमत्ता परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हा भाग मोजमापाच्या कसोटीवर टिकलेला नाही. यांतील अनेक क्षमतांच्या चाचण्यांमध्ये स्पिअरमन यांना दिसला होता तसाच परस्परसंबंध आढळतो. म्हणून गार्डनर यांची यादी मी कामाची तपासणी करण्यासाठी वापरतो. एखाद्या मुलाच्या नावापुढे ‘सांगीतिक’ असा शिक्का मारण्यासाठी ती वापरू नये.

पहिली पायरी : काय करता येईल, ते एका वाक्यात लिहा

‘मला स्पॅनिश शिकायची आहे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा आहे. ‘अनोळखी माणसाशी रोजच्या विषयांवर दहा मिनिटे स्पॅनिशमध्ये बोलता येईल’ हे उद्दिष्ट आहे, कारण ते साधले की नाही हे तपासता येते. वाक्यात क्रियापद हवे, आणि ती क्रिया दुसऱ्याला पाहता किंवा ऐकता आली पाहिजे. ‘समजेल’ आणि ‘कळेल’ ही क्रियापदे टाळावीत, कारण ती आपल्याला फार लवकर समाधान देतात.

दुसरी पायरी : काम काय मागते, ते चार रकान्यांत मांडा

वहीत चार रकाने आखा : माहिती, समज, हात बसणे, माणसांशी व्यवहार. उद्दिष्टाचे वाक्य समोर ठेवून प्रत्येक रकान्यात काय काय येते ते लिहा. भाषेत बोलण्यासाठी शब्द ही माहिती आहे, वाक्यरचनेचा नियम ही समज आहे, जीभ वळणे हे हात बसण्यासारखेच आहे, आणि समोरच्याचा चेहरा वाचून बोलणे बदलणे हा व्यवहार आहे. पोहण्यात तिसरा रकाना जवळजवळ सगळी जागा व्यापतो. संख्याशास्त्राचा एखादा भाग शिकताना दुसरा रकाना भरतो.

हे रकाने केवळ सोयीसाठी पाडलेले नाहीत. निदान माहिती आणि हातवळण या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या मार्गांनी साठतात, याचा ठळक पुरावा वैद्यकशास्त्रात एच. एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाकडून मिळाला. १९५३ साली अपस्मारावरील उपचार म्हणून त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवीन घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती जवळजवळ पूर्ण गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात स्पष्टपणे सुधारत गेला. पण आदल्या दिवशी आपण हे केले होते, याची त्याला आठवण नव्हती. ज्ञान गेले तरी हात शिकत राहिला. यावरून आपल्यासाठी निघणारा अर्थ असा की, माहितीच्या रकान्यावर घेतलेल्या कष्टांनी तिसरा रकाना आपोआप भरत नाही. व्याकरण तोंडपाठ असून बोलता न येणाऱ्या माणसाच्या बुद्धीत काही उणे नसते. त्याने तिसऱ्या रकान्याला वेळच दिलेला नसतो.

चौथ्या रकान्याबद्दल एवढेच सांगतो की, त्यातले काही एकट्याने बसून शिकता येत नाही. त्यासाठी खरी माणसे, आणि नंतर ‘तू बोललास तेव्हा मला असे वाटले’ असे प्रामाणिकपणे सांगणारे एक माणूस लागते.

तिसरी पायरी : आपल्याजवळ आधीच काय आहे, त्याची नोंद करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वात मोठे नुकसान येथेच होते. शिकण्याची गती ठरवण्यात आधीच्या ज्ञानाचा वाटा आपण समजतो त्याहून कितीतरी मोठा असतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बुद्धिबळाच्या खऱ्या डावातील पट पाच सेकंद दाखवला, तेव्हा निष्णात खेळाडूला नवशिक्यापेक्षा खूप अधिक सोंगट्यांच्या जागा आठवल्या. तीच सोंगटी-संख्या पटावर कशीही विखरून मांडली, तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. निष्णाताची स्मरणशक्ती मुळात मोठी नव्हती. त्याला ओळखीच्या मांडण्या एकेका गठ्ठ्यासारख्या दिसत होत्या.

याहून बोलके उदाहरण १९८० साली अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि स्टीव्ह फलून यांनी नोंदवले. एका सामान्य महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ऐकलेले अंक ओळीने म्हणून दाखवण्याचा सराव दिला गेला. आरंभी त्याला सात अंक आठवत. २३० तासांहून अधिक सरावानंतर तो ७९ अंक म्हणू लागला. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता, आणि अंकांच्या गटांना तो शर्यतीच्या वेळांचे रूप देत होता. त्याला अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा त्याची मजल पुन्हा सहाच्या आसपास आली. म्हणजे वाढली ती स्मरणशक्ती नव्हे. जुन्या ज्ञानाच्या खुंटीला नवे टांगण्याची युक्ती वाढली होती.

म्हणून वहीच्या एका पानावर लिहा : या विषयाशी साधर्म्य असलेले मला काय येते, मी कुठे आधीच असाच हिशेब, असाच अंदाज, अशीच हालचाल करतो. शिवणकाम करणाऱ्याला भूमितीतील सममिती आणि क्षेत्रफळ रोज भेटत असते. वाद्य वाजवणाऱ्याला अपूर्णांक तालात सापडतात. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. व्यवहारात तोंडी विचारलेले हिशेब या मुलांनी सुमारे ९८ टक्के बरोबर केले, आणि तशीच गणिते कागदावर केवळ आकड्यांत मांडून दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. ‘गणित येत नाही’ असे आपण ज्याला म्हणतो, ते पुष्कळदा ‘गणिताचा हा वेश ओळखीचा नाही’ एवढेच असते. अशा वेळी ओळखीच्या रूपातून सुरुवात करावी, त्याशेजारी कागदावरचे रूप लिहावे, आणि दोन्हींतील कोणता भाग कशाशी जुळतो हे रेघ ओढून दाखवावे.

चौथी पायरी : माध्यम निवडताना विषय पाहा

कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी करून, आणि ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवले तर तो अधिक शिकतो, ही कल्पना फार लोकप्रिय आहे. हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तिचा आढावा घेतला. ही कल्पना खरी ठरायची, तर ‘पाहणाऱ्यां’ना चित्रांतून आणि ‘ऐकणाऱ्यां’ना बोलण्यातून शिकवल्यावर दोन्ही गटांचे निकाल उलटसुलट केलेल्या जोड्यांपेक्षा चांगले यायला हवेत. असे दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. माणसांना आवडीनिवडी असतात, हे खरेच आहे. पण आवडते माध्यम आणि परिणामकारक माध्यम एकच असेल, असे नाही. आपल्या बुद्धिमत्तांचा अर्थ शिकण्याच्या शैली असा लावू नये, हे गार्डनर यांनीही स्पष्ट केलेले आहे.

तेव्हा दुसऱ्या पायरीतील रकान्यांकडे परत जावे आणि माध्यम तेथून ठरवावे. उच्चार कानांनीच शिकायचे असतात, नकाशा डोळ्यांनीच वाचायचा असतो, आणि पाण्यात उतरल्याशिवाय पोहणे येत नाही. यात शिकणाऱ्याचा प्रकार विचारण्याचे कारण नाही. समज वाढवायची असेल तेव्हा शब्द आणि आकृती यांची जोड बहुतेक सर्वांनाच मदत करते, मात्र आकृती त्या मजकुराशी थेट संबंधित असावी.

विषय अगदी नवा असेल, तर एक काळजी घ्यावी. एका वेळी मनात धरून हाताळता येणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात. नेल्सन कोवन यांच्या २००१ सालच्या अंदाजानुसार सुमारे चार. नवशिक्याला एकदम अवघड प्रश्नासमोर बसवले, तर ही जागा धडपडीतच भरून जाते आणि शिकायला काही उरत नाही. म्हणून आधी पूर्ण सोडवलेली दोन-तीन उदाहरणे घ्यावीत, प्रत्येक ओळीपाशी थांबून ‘ही ओळ आधीच्या ओळीतून का आली’ हे स्वतःला मोठ्याने सांगावे, मग शेवटची ओळ झाकून ती स्वतः लिहावी, पुढच्या उदाहरणात शेवटच्या दोन ओळी झाकाव्यात, आणि असे करत करत कोऱ्या कागदापर्यंत यावे.

पाचवी पायरी : पुस्तक मिटून आठवा

बुद्धीचा कल कसाही असो, ही पायरी सर्वांना लागू आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले आणि लिहिणारे ५६ टक्क्यांवर राहिले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा आपला समज होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री पान डोळ्यांखालून घालताना वाटणारा विश्वास हा बहुधा याच जातीचा असतो.

कृती अशी करावी. पंधरा-वीस मिनिटांत होईल एवढाच भाग वाचावा किंवा ऐकावा. पुस्तक मिटून बाजूला ठेवावे. कोऱ्या पानावर निळ्या पेनाने आठवेल ते सगळे लिहावे, आकृती असल्यास काढावी. काही आठवेनासे झाले तरी लगेच पुस्तक उघडू नये, निदान दोन मिनिटे थांबावे, कारण शोधण्याच्या त्या धडपडीतच आठवण पक्की होते. मग पुस्तक उघडून चुका आणि राहिलेल्या गोष्टी लाल पेनाने लिहाव्यात. हे लाल लेखन वगळले, तर चुकीचेच घट्ट बसण्याचा धोका असतो. दुसऱ्या दिवशी अभ्यास लाल अक्षरांपासून सुरू करावा.

माहितीच्या रकान्यासाठी प्रश्न एका बाजूला आणि उत्तर दुसऱ्या बाजूला असलेली कार्डे सोयीची पडतात. समजेच्या रकान्यासाठी ‘काय’ विचारणारे प्रश्न पुरत नाहीत. ‘का’ आणि ‘असे नसते तर काय झाले असते’ असे प्रश्न लिहावे लागतात. हात बसण्याच्या रकान्यात आठवणे म्हणजे शिक्षकाची हालचाल पाहिल्यावर, ती पुन्हा न पाहता, स्वतः करून पाहणे.

सहावी पायरी : उजळणीत अंतर ठेवा

हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले की शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. आणि उजळणी एकदम उरकण्यापेक्षा अनेक दिवसांवर वाटली तर कमी कष्टांत भागते. अंतर किती ठेवावे, हे ती गोष्ट किती काळ टिकवायची आहे यावर अवलंबून असते. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या प्रयोगात आठवड्यानंतरच्या चाचणीसाठी दोन अभ्यासांमध्ये सुमारे एक दिवसाचे, तर ३५ दिवसांनंतरच्या चाचणीसाठी सुमारे ११ दिवसांचे अंतर सर्वात फलदायी ठरले. व्यवहारात पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, पुढची तीन-चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी आणि मग तीन आठवड्यांनी, अशी ठेवली तरी चालते. तारखा वहीच्या समासात आधीच लिहून ठेवाव्यात, कारण ‘विसरल्यासारखे वाटेल तेव्हा पाहू’ असे ठरवले की ती वेळ येत नाही. उजळणीसाठी झोप कापू नये. शिकलेले स्थिरावण्याच्या कामात झोपेचाही वाटा असतो.

सातवी पायरी : प्रकार मिसळून सराव करा

एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवताना पद्धत निवडावीच लागत नाही. पहिल्या गणितात ती कळलेली असते. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली चार वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांचे सरावातील ८९ टक्के उत्तर बरोबर होते, मिसळून सोडवणाऱ्यांचे ६० टक्के. आठवड्याने सलग सरावाच्या गटाला २० टक्के गुण मिळाले आणि मिसळलेल्या सरावाच्या गटाला ६३ टक्के. शरीराच्या कौशल्यातही असे घडू शकते : १९७८ सालच्या एका प्रयोगात तीन फुटांवरील लक्ष्यावर नेम धरण्याच्या चाचणीत, केवळ तीन फुटांवर सराव केलेल्या आठ वर्षांच्या मुलांपेक्षा दोन आणि चार फुटांवर सराव केलेली मुले अधिक अचूक ठरली. प्रत्येक प्रकार पहिल्यांदा शिकताना दोन-तीन उदाहरणे सलग करावीत आणि लगेच मिसळायला सुरुवात करावी. या काळात चुका वाढतील, आणि शिकणाऱ्याला तसेच पालकांना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर चांगली पद्धत पहिल्याच आठवड्यात सोडून दिली जाते.

दुसऱ्याला शिकवत असाल तर

मुलाचे निरीक्षण जरूर करावे, पण नोंद क्रियापदांत ठेवावी. ‘ती अवकाशीय बुद्धीची आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘खोलीची मांडणी तिने न मोजता बरोबर काढली’ असे लिहिले, तर पुढे काय द्यायचे हे त्या नोंदीतूनच सुचते. चुकीच्या उत्तरावर ‘बरोबर काय’ हे सांगण्याआधी ‘तू इथपर्यंत कसा आलास’ हे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. मुलाच्या डोक्यातील वाट बहुतेकदा सुसंगत असते. फक्त एका वळणावर ती चुकलेली असते, आणि ते वळण सापडल्यावर बाकी फार थोडे समजवावे लागते. बलस्थानाचा उपयोग खुंटीसारखा करावा, आणि कमकुवत रकान्यापासून सुटका म्हणून तो देऊ नये. चित्रे छान काढणाऱ्या मुलाला लिहिण्यातून सूट दिली, तर आपण त्याचे भले केले असे वाटते आणि लिहिणे तेवढे मागेच राहते.

चार आठवड्यांनी प्रगती दिसत नसेल तर

पहिल्या पायरीतील वाक्य काढून त्याप्रमाणे प्रत्यक्ष करून पाहावे आणि कुठे अडते ते लिहावे. ऐन वेळी शब्द किंवा सूत्र आठवत नसेल, तर पाचव्या आणि सहाव्या पायरीकडे जावे. आठवते, पण कोणते कुठे वापरायचे ते ठरत नसेल, तर सराव अजून मिसळलेला नाही. सगळे सांगता येते आणि करता येत नाही, असे असेल तर तिसऱ्या रकान्याला मिळालेले तास मोजावेत. प्रत्येक ओळच परकी वाटत असेल, तर मधली एखादी पायाभूत गोष्ट राहिलेली आहे. अशा वेळी पुढचा धडा थांबवून सोडवलेल्या उदाहरणांत मागे मागे जावे, ज्या ओळीचे ‘का’ स्वतःच्या शब्दांत सांगता येईल तिथे थांबावे, आणि दुसऱ्या दिवशीचा अभ्यास तिच्या पुढच्या ओळीपासून सुरू करावा.